बाबांच्या काठीचा लीडर

“लीडर जाडच बांध. मासे कमी लागतील, पण लागलेला लवकर काठाशी येईल आणि जिवंत परत जाईल,” बाबा सांगायचे. लीडर म्हणजे दोरी आणि गळाला लावलेली नकली माशी यांना जोडणारा पारदर्शक धागा. आपल्या गळाच्या काठीने मासा मरू द्यायचा नाही, असं वचन त्यांनी शेवटच्या आजारात माझ्याकडून घेतलं होतं.

आता धाकट्या भावाने त्यांच्याच नावाने मासेमारीची स्पर्धा ठेवली होती, आणि काठीही त्यालाच हवी होती.

“सगळ्यात बारीक लीडर द्या. माशाला दिसता कामा नये,” तो दुकानात म्हणाला.

“बारीक तुटू नये म्हणून मासा फार वेळ खेळवावा लागतो. मग सोडला तरी दमून मरतो,” दुकानदार म्हणाला.

“मरेना का! फोटो तर निघेल.”

मी जाड लीडर पुढे केला, तसा तो हसला. “आमच्या ताईचं ऐकलंत तर मासेसुद्धा उपवास धरतील!”

दुकानदारही हसला. मी दोन्ही लीडर विकत घेतले.

स्पर्धेच्या सकाळी प्रार्थना आटोपून मी काठी मांडीवर घेतली. भावाला फरक कळणार नव्हता. बाबा होते तोवर तो एकदाही त्यांच्याबरोबर नदीवर गेला नव्हता. त्याने बांधलेला बारीक लीडर मी कापला आणि जाड लीडरची गाठ मारायला घेतली.