बिनचापाचं रिलीज

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी त्यावर तीन वस्तू मांडल्या आणि मितालीला म्हटलं, "आज पोळ्या तू कर. मले काम आहे."

मिताली माझ्या भावाची मुलगी. दारव्ह्याला कॉलेजात शिकायला म्हणून माझ्याकडे राहायची. त्याच कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेतून मी नुकतीच निवृत्त झाले होते. लग्न केलं नाही. मिक्सर उघडू देणारा नवरा भेटला नाही म्हणून, असं माझा भाऊ सांगत फिरतो. भाऊ खोटारडा असला तरी हे फार खोटं नाही. एखादी वस्तू आतून कशी आहे हे पाहिल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

टेबलावरच्या तिन्ही वस्तू म्हणजे रिलीज. मिताली चाकांचं धनुष्य चालवायची, ज्याला सगळे कंपाउंड म्हणतात. त्याची दोरी बोटांनी ओढत नाहीत. दोरीवर दोऱ्याचं छोटंसं कडं बांधलेलं असतं, त्याला लूप म्हणायचं. मुठीतल्या रिलीजचा आकडा त्या लूपमध्ये अडकवायचा, दोरी गालापर्यंत ओढायची, नेम धरायचा आणि आकडा सोडायचा. तो सुटतो कसा, एवढ्यावरच सगळा खेळ.

धनुष्य क्लबचं, बाण क्लबचे. रिलीज मात्र ज्याचं त्याचं. मितालीचे कोच खेमसिंग सर यांनी आपल्या जवळची तीन दिली होती आणि सांगितलं होतं, "ताई, पोट्टीले वापरून पाहू द्या. जे हाताले बसंल ते पुण्याहून मागवू. निवड चाचणीच्या आधी एकदाच बदलायचं, घडीघडी नाही."

बदलायचं कारण मितालीचं बोट. धनुष्यावरच्या भिंगातला नेमाचा ठिपका लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळाजवळ आला, की तिचं बोट रिलीजचा चाप हाणायचं. ठिपका मधोमध पोचायच्या आतच. बाण कधी लाल पट्ट्यात, कधी निळ्यात. दोन वर्षं राज्याच्या संघातून ती अशीच बाहेर राहिली होती.

"पण बोट हाणते काहून?" मी विचारलं.

"मले काय मालूम!" पोळी तव्यावर आपटत ती म्हणाली. "मी त्याले सांगते थांब म्हणून. ते ऐकतच नाही. आत्या, ह्या खेपेला नाही झालं तर मी धनुष्य सरांना देऊन टाकीन. दुसरी कोणी तरी खेळेल."

या पोरीने लहानपणापासून दुसरं काही मागितलं नव्हतं. ती धनुष्य परत देऊन आली, तर मला तिच्या तोंडाकडे बघवलं नसतं.

म्हणून मी कामाला लागले. पहिलं रिलीज मनगटाला पट्ट्याने बांधायचं, तर्जनीने चाप ओढायचा. मिताली तेच वापरत होती आणि तिला नवीनही तसंच हवं होतं, फक्त जरा कडक चापाचं. दुसरं मुठीत धरायचं, अंगठ्याने बटण दाबायचं. मला ते आवडलं. तिसऱ्याने मात्र माझं डोकं उठवलं. पितळेची अर्धी चकती, तीन बोटांसाठी वळणदार मूठ, अंगठा टेकायला एक खुंटी. चाप नाही, बटण नाही, काहीच नाही.

"हे सुटते कसं?"

"पाठीनं," मिताली म्हणाली. "ओढत राहायचं. ओढता ओढता मूठ जराशी फिरते अन् आकडा आपोआप सरकते. केव्हा ते कळत नाही. मले नाही आवडत. मी बाण मारून राह्यली का कोणी दुसरा?"

आणि मला तिचं पटलं. सोडायची वेळ मी ठरवायची नाही, तर मग मी तिथे उभी कशाला? पण पटणं वेगळं आणि पाहणं वेगळं. मी सुतळीचा फास केला, त्याचं एक टोक डाव्या मुठीत धरलं, दुसऱ्यात चकती अडकवली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओढली. अंगठा खुंटीवर ठेवून ओढायचं असतं, म्हणजे ओढताना मूठ फिरत नाही, आणि नेम धरल्यावरच तो उचलायचा, हे मिताली सांगतच होती. तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत माझीच मूठ माझ्या हनुवटीवर बसली. मी खुर्चीवर आदळले. मिताली आधी घाबरली, मग इतकी हसली की पोळी करपली.

"हे भूत सरांना परत दे," मी जीभ चाचपत म्हटलं. चकती मात्र मी लगेच परत दिली नाही. कशी सुटली ते दिसलंच नव्हतं ना.

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. बोंडअळीच्या त्या वर्षांत आमच्याकडे कापसाचं नाव काढलं की चांगला बोलका माणूस गप्प व्हायचा. गावाबाहेरचं एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, बंद पडलं होतं आणि त्याच्या लांबलचक आवारात खेमसिंग सरांचा क्लब चालायचा. बाण अडवायला गवताची गादी नव्हती. अळीने डागाळलेला कवडी कापूस कोणी घेत नव्हतं, तोच बारदानात ठासून भरून त्यावर कागदाचं लक्ष्य टाचलेलं असायचं. मला ते पाहून दर वेळी राग यायचा. कापूस काय बाण खायला पिकवायचा?

हाच राग पुढे नडला. शनिवारी मितालीने धनुष्य घरी आणलं. बघते तर लूप झिजून त्याचे धागे सुटलेले. सर बाहेरगावी होते. मी म्हटलं, आण इकडे, त्यात काय मोठं. जुना लूप सोडवून नीट पाहिला. नायलॉनची दोरी, दोन गाठी, दोन्ही टोकं जाळलेली. माझ्या अंगात कापसाचा जिल्हा संचारला. इथे राहून नायलॉनला नमस्कार करायचा? मी जाड सुती दोरी घेतली, चांगला पीळ भरला, मेण चोळलं, तशाच गाठी मारल्या आणि नाडीची टोकं जाळतो तशी टोकं जाळली. जुन्या लूपच्या टोकांवर काळे मणी कशासाठी होते, हे मी स्वतःला विचारलंच नाही. एरवी जगातल्या प्रत्येक गोष्टीला प्रश्न विचारणारी मी!

"भारी झाला," मिताली म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास होता.

रविवारी सकाळी मी तिच्यासोबत जिनिंगवर गेले. सर परत आले होते, पण एका नव्या मुलीला उभं राहायला शिकवत होते. मिताली रेषेवर उभी राहिली, मनगटाला तिचं नेहमीचं चापाचं रिलीज. पहिला बाण निळ्यात. दुसरा लाल पट्ट्यात. प्रत्येक वेळी तिचं बोट हाणताना तिचा खांदाही दचकत होता, ते मला मागूनसुद्धा दिसलं. तिने ओठ आवळले आणि पुन्हा दोरी ओढली.

फाट्दिशी आवाज झाला. मितालीचा उजवा हात मागे भिरकावला गेला आणि ती तोल जाऊन माझ्या अंगावर आली. लूप दोरीवर नव्हता. माझी गाठ सुटली होती.

खेमसिंग सर धावत आले. त्यांनी आधी तिचे डोळे पाहिले, मग हात, मग धनुष्याची दोरी आणि मग खाली पडलेला सुताचा तुकडा.

"हे कोणं बांधलं?"

"मी," मी म्हणाले.

"ताई, नायलॉन जाळलं का वितळून मणी होते. त्या मण्यावर गाठ अडते. सूत जळून राख होते, अडंल काय? दोरी गालापर्यंत आल्यावर सुटली म्हणून बरं. अर्ध्यात सुटली असती तर पोट्टीचा डोळा गेला असता!"

मी जिनिंगच्या ओट्यावर बसले. माझ्या शहाणपणाने पोरीचा डोळा घालवला असता. मी मान वर करून माफीही मागू शकले नाही.

मिताली माझ्याकडे बघत नव्हती आणि सरांकडेही नाही. ती लक्ष्याकडे बघत होती. मग ती चालायला लागली. आम्ही दोघं तिच्या मागे गेलो. तिचा बाण पिवळ्यात होता, अगदी मधल्या वर्तुळात.

"सर, मी चाप ओढलाच नव्हता," ती म्हणाली.

"एखादा बाण नशिबानं बसते."

"नाही. मी थांबली होती. बोट आता हाणणार म्हणून त्याची वाट पाहून राह्यली होती." ती बाणाला हात न लावता त्याच्या भोवती फिरली. "म्हणजे माझा नेम बरोबरच होता. दरवेळी बरोबरच असते. मीच तो बिघडवते, सोडायच्या वक्ताले."

मी ओढणीच्या गाठीतली पितळेची चकती काढली. सरांना परत करायची म्हणून आणली होती. मितालीने ती माझ्या हातातून घेतली.

सरांनी स्वतः नायलॉनचा नवा लूप बांधला आणि मितालीला आधी कापसाच्या पोत्यासमोर अगदी जवळ उभं केलं. डोळे मिटून ओढायला लावलं. पहिला बाण सुटला तेव्हा ती किंचाळली. दुसऱ्यालाही किंचाळली. "कोणी चिमटा काढल्यावानी वाटते," असं म्हणत ती पुन्हा ओढत होती. पुष्कळ वेळाने तिचं किंचाळणं थांबलं, आणि खांदा दचकणंही.

पुण्याहून बिनचापाचंच रिलीज मागवलं. मला ते आवडत नव्हतं, हे मी शेवटपर्यंत सांगत राहिले. ज्या वस्तूला आपला हुकूम कळत नाही तिच्यावर पोरीचं नशीब टांगायचं, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. मिताली म्हणायची, "आत्या, तू गाठ मारायची नाही अन् मतही द्यायचं नाही."

थंडीत अमरावतीला निवड चाचणी झाली. पहाटेच्या गाडीने नेरमार्गे आम्ही तिघं गेलो. दुपारपर्यंत मिताली चौथ्या आणि पाचव्या जागेच्या मध्ये लटकत होती, आणि संघात चौघीच जायच्या होत्या. शेवटचा बाण उरला. समोर घड्याळाचे आकडे पळत होते. तिने दोरी ओढली. दुर्बिणीतून मी तिचा हात पाहत होते, जराही हलत नव्हता. आता, मी मनात म्हटलं. आता सोड ना गं!

बाण सुटला नाही. ती ओढत होती आणि सुटत नव्हता. माझी खात्री झाली, की आता ती मूठ झटकून हाणणार, जुनी खोड वर येणार. मितालीने अंगठा खुंटीवर परत ठेवला आणि धनुष्य हळूच खाली घेतलं.

"अरे देवा, वेळ जाते ना!" मी ओरडले.

"चूप बसा, ताई," खेमसिंग सर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "नेमावर असताना ती पहिल्या वक्ती आपल्या मनानं थांबली. झालं आपलं काम."

मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं तिच्या बोटाला जे जमत नव्हतं ते हेच होतं, न मारणं. घड्याळात थोडेच आकडे उरले होते. तिने श्वास घेतला, पुन्हा ओढलं, आणि मी दुर्बीण खाली ठेवली. बघवेना.

टाळ्या ऐकू आल्या तेव्हा मी मान वर केली. खेमसिंग सर हात उंचावून चार बोटं दाखवत होते. मिताली धनुष्य घेऊन माझ्याकडे पळत आली, गाल लाल, डोळे विस्फारलेले.

"कसा सोडला गं?" मी तिला घट्ट धरून विचारलं. या वयात मला अजून उत्तर हवंच होतं. "सांग ना, शेवटी कसा सोडला?"

"मले काय मालूम!" ती म्हणाली, आणि हसत सुटली.