पत्त्यातली अहिराणी

विंचूरच्या एका कांदा कंपनीची वेबसाइट योगेशने पंचवटीतल्या आपल्या खोलीत बसून बनवली होती. कांदा कधी काढायचा, कसा साठवायचा, ते तिथे ऐकायला मिळे. पानाच्या पत्त्यातच भाषेची खूण असे: मराठीला एमआर, इंग्रजीला ईएन, अहिराणीला एएचआर. नाशकात राहून योगेशची अहिराणी जिभेवरून उतरली होती, कानात तेवढी उरली होती. म्हणून त्या पानासाठी त्याने हक्काचा आवाज घेतला, आईचा. सटाण्याकडच्या घरी लंकाबाई कांदाचाळीपाशी बसून बोलली, पण कांदे निवडायचं काही थांबवलं नाही. मधेच टोपलं सरकवल्याचा आवाज येई. तो त्याने तसाच ठेवला, आणि बरंच केलं. दिवाळीनंतर ती गेली.

एका सकाळी वडिलांचा, नानांचा, फोन आला. शेजारच्या झिपरूच्या फोनवरून बोलत होते, स्वतःचा हातात धरून.

"तुनी मायना आवाज गया रे. कोनी बाई इंग्लिशमा बोलस."

नाना अहिराणी पानाची लिंक उघडून आईला ऐकतात, हे योगेशला ठाऊकच नव्हतं. आणि करणी त्याचीच होती. नको तो शहाणपणा करून त्याने नुकताच नवा नियम घातला होता: पत्ता काही का म्हणेना, फोनची भाषा बघायची आणि त्याच पानावर न्यायचं. नानांचा फोन म्हणजे योगेशचाच जुना, इंग्रजीतला. आमच्याकडे निम्म्या गावाचे फोन इंग्रजीतच असतात. दुकानदार लावून देतो, बदलत कोण बसतं? आईकडे जायची वाट योगेशने स्वतःच्या हाताने बुजवली होती.

नानांना थांबायला सांगून त्याने नियम फिरवला. पत्ता सांगेल ती भाषा. पत्ता गप्प असेल तरच फोनला विचारायचं. मग नानांना लिंक पुन्हा उघडायला सांगितली.

"कांदा आजून वल्ला शे भो, चाळमा भरू नको," आई सांगू लागली. टोपलं सरकलं. योगेशला गाव आठवलं, चाळीतला तो उग्र वास आठवला, आणि डोळे भरून आले.

शेवटी तिने त्यालाच विचारलं होतं, झालं का म्हणून. तेवढं कापायचं राहून गेलं होतं.

"व्हयनं का?"

तेव्हा उत्तर न देताच त्याने रेकॉर्डिंग बंद केलं होतं.

"व्हयनं, व्हयनं," नाना तिला म्हणाले. रोजच म्हणत असावेत.