कडेवरचा हात

हात उजवा होता. मनगटावरच्या घड्याळाची तबकडी मोठी होती आणि तिच्यातले आकडे उलटे चालले होते: बारानंतर अकरा, अकरानंतर दहा. खोलीत जमलेल्यांपैकी एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांचे डोळे तळव्यावर खिळले होते.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं पार जिन्यापर्यंत उभी. मधोमध वारलेल्या दादाचा पुरुषभर उंचीचा फोटो: कापडावर छापलेला, वीतभर जाडीच्या लाकडी चौकटीवर गुंडाळलेला, आधाराशिवाय उभा राहणारा. फोटोत दादाने डावा तळवा वर केला होता. आणि चौकटीच्या जाड कडेवर, जिथे काहीच असायला नको होतं, तिथे दुसरा तळवा उगवला होता.

"मी बोललो होतो की नाही?" मौनीबाबा म्हणाला. हा मौनी दिवसभर बोलत असे. गप्प बसायचा तो फक्त जेवताना, तेही तोंड भरलेलं असल्यामुळे. "म्हटलं, शेजारचं कपाट हलवा, फोटो मोकळा करा. जीव कोंडलाय त्याचा, काही सांगायचंय त्याला. कपाट हलवलं आणि हात आला. आता हात काय सांगतोय? थांब. अंगाला शस्त्र लावून घेऊ नकोस."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर दादाच्या बायकोने, वहिनीने, मान खाली घातली. तिच्या छातीत गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा निकाल समोर ठेवून स्वच्छ सांगितलं होतं की, आत्ता काढली तर बरी होशील. रेंगाळलीस तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. वहिनी घाबरली. कुणीतरी 'नको' म्हणावं असं तिला मनातून वाटत होतं, आणि ते म्हणणारा नेमका जिना चढून वर आला. तेव्हापासून ती त्याने मंतरलेलं पाणी पीत होती.

"पाण्याने विरघळते गाठ," बाबा सांगायचा. "साखर नाही विरघळत?"

दारातून हे सगळं ऐकत होती ती दादाची बहीण. घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे. खालच्या मजल्यावरचा फोटो स्टुडिओ दोघं भावंडं मिळून चालवायची. दादा गेल्यावर ती एकटी चालवत होती. हा फोटोही तिनेच तयार केला होता. दादाचा पूर्ण उंचीचा, इतका मोठा करूनही धूसर न होणारा असा तेवढाच एक फोटो होता. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची जुनी खूण होती, तिच्यावरून तिने त्याची उंची घेतली होती. मोठं केल्यावर चेहऱ्यावर उठलेले दाणे मऊ केले होते, सदऱ्याची वीण पुन्हा उठवली होती.

"वहिनी, तो हात माझ्या संगणकातून आलाय," ती म्हणाली. "फोटो चौकटीवर गुंडाळायचा तर बाजूंसाठी जास्तीचं चित्र लागतं. मूळ फोटोत ते नव्हतं. आहे तेच वळवलं असतं, तर दादाचा हात समोरून गेला असता आणि कडेवर आला असता. म्हणून कडेजवळचा पट्टा घेतात आणि आरशात दिसतो तसा उलटा करून पुढे जोडतात. दादाचा हात कडेजवळ होता, तोच पुन्हा आला."

"मग इतके दिवस तुला दिसला नाही?" समोरच्या दुकानातले शिंपीकाका म्हणाले.

"मी समोरची बाजू तपासली. ही कड कपाटाला चिकटून राहणार होती, तिच्याकडे नीट बघितलंच नाही."

बाबा गोड हसला. "म्हणजे तूच केलंस आणि तुलाच ठाऊक नाही. मग पोरी, करवून कोणी घेतलं?"

माना डोलल्या.

"घड्याळ बघा त्यातलं," धाकटी म्हणाली. "दादा तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायचा, पण डाव्या हातात. हा उजवा हात आहे. आणि आकडे उलटे आहेत."

"वर गेलेल्याचा काळ उलटाच चालणार," बाबा म्हणाला.

यावरही माना डोलल्या. पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात अर्थ नाही हे धाकटीला कळलं. तिने कॅमेरा आणला.

"बाबा, तुमचाही एक फोटो काढते. आशीर्वाद देताना."

बाबाने दाढीवरून हात फिरवला आणि अंगठ्यांनी भरलेला हात वर केला. त्याच्या बाजूला उभं राहायला चढाओढ लागली. "बाबा, तुम्ही त्या टोकाला. काका, तुम्ही या टोकाला. अजून जरा. हं, तिथेच," धाकटी म्हणाली. काकांच्या पायाशी फरशी पुसायची निळी बादली होती, काठावर ओलं फडकं. ती तिने हलवली नाही.

खाली जाऊन तिने दादाच्या फोटोचं केलं होतं तेच सगळं केलं, फक्त जाड कागदावर, आणि तो कागद एका रिकाम्या खोक्यावर गुंडाळला. वर आली तेव्हा गर्दी होती तशीच होती. तिने खोकं टेबलावर ठेवलं. कडेवर बाबाचा दुसरा हात, अंगठ्यांसकट.

 बाबाने डोळे मिटले. "पाहिलंत? माझाही हात प्रकटला. हीच ती सिद्धी."

दोघं-तिघं वाकलेसुद्धा.

धाकटीने खोकं फिरवलं. दुसऱ्या कडेवर आणखी एक शिंपीकाका होते, कानाला कान लावून उभे. खाली आणखी एक निळी बादली, काठावर ओलं फडकं.

"बादलीलाही सिद्धी मिळाली का, बाबा?"

मागून एक बाई म्हणाली, "काकांचं एक डोकं चालेना, दुसरं घेऊन काय करणार?"

हसू जिन्यापर्यंत गेलं. काकाही हसले, जरा उशिरा.

"हसून घरी जाऊ नका," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हसू थांबलं. "खाली या, कुणालाही तिसरा हात करून देते. पण हा हात दिसला तेव्हा तो आला कसा, हे तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं का? गाठ विरघळतेय की वाढतेय, हे पुन्हा तपासून कळतं. ते तपासून बघू असं कुणी म्हणालं? पाया पडायला सगळे आलात. वहिनीला दवाखान्यात न्यायला कोण आलं?"

 वहिनी उठून उभी राहिली.

"बाबा, पहिल्यांदा आलात तेव्हा मला पाणी आणायला पाठवलंत," ती सावकाश म्हणाली. "परत आले तर कपाट फोटोपासून सुटलेलं होतं. मला वाटलं, झाडताना मीच सरकवलं असेल. तुम्ही तेव्हाच फटीत डोकावून हा हात पाहून ठेवला होतात."

त्या दिवशी मौनीबाबा पहिल्यांदा आपल्या नावाला जागला. एक अक्षर न बोलता तो जिना उतरला. त्याच्यामागून गर्दीही उतरली, पायाखाली बघत.

पाण्याची बाटली टेबलावर राहिली होती. वहिनीने दादाच्या फोटोतल्या खऱ्या हाताकडे बघितलं.

"तो खरंच 'थांब' म्हणत होता का गं?"

"हो, पण मला," धाकटी म्हणाली. "तू आत केस विंचरत होतीस. म्हणाला, थांब, तिला येऊ दे, तिच्याशिवाय नको काढूस. तोवर मी बटण दाबलं होतं."

 वहिनीने बाटली उचलली, बूच काढलं आणि सगळं पाणी त्या निळ्या बादलीत ओतलं.

"डॉक्टरीणबाईंना फोन लाव," ती म्हणाली. "मी गाठ काढून घेणार आहे."