पाच किलोंमागचा एक किलो

मित्रांनो, मी टपाल कचेरीतला एक जुना वजनकाटा आहे. जुना म्हणवून घ्यायला मला काही वाटत नाही. पण माझी हकिकत सांगायची म्हटलं की आजही ओशाळल्यासारखं होतं. तिच्यात एक आठवडा असा आहे की तो गाळून पुढे जावंसं वाटतं, आणि गाळला तर मी दुसऱ्यांदा खोटं बोललो असं होईल. म्हणून तो आठवडाही सांगणार आहे.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतून माझी बैठक घडवली गेली. बैठकीखाली तरफा आणि दांड्या, वर ताटाएवढी पांढरी तबकडी आणि तिच्यावर एक लांब काळी सुई. तरफांच्या सांध्यापाशी एक पितळी स्क्रू होता. तो किती घट्ट ठेवायचा हे वजनमापांच्या निरीक्षकाने ठरवलं. प्रमाणित वजनं माझ्यावर चढवून उतरवून त्याने दहादा पडताळा घेतला आणि स्क्रूवर शिशाचं सील ठोकलं. त्या दिवसापासून मी खरा काटा झालो.

मला टपाल कचेरीच्या मागच्या हॉलमध्ये ठेवण्यात आलं. तिथे उंच पत्र्याच्या छपराखाली पत्रांची आणि पार्सलांची गल्लीवार विभागणी चाले. पोती, थैल्या, गठ्ठे, सगळं माझ्यावरून जाई. कामाची गडबड ओसरली की माणसंही चढत. लग्नाहून परतलेला लॉरीचा ड्रायव्हर हमखास दोन किलो वाढलेला निघे आणि मग दिवसभर त्याची टर उडवली जाई. कुणाचा गठ्ठा जास्त, कुणाचा कमी, यावरून तंटा झाला तरी तो माझ्यापाशी येऊन थांबे. सुई जिथे उभी राही तिथे वाद संपे.

माझ्याशेजारच्या टेबलावर एक कारकून बसत. त्यांचं खरं नाव हजेरीपटात असेल, सगळे त्यांना काटेमास्तर म्हणत. रोज सकाळी ते मऊ फडक्याने माझी तबकडी पुसत, सुई शून्यावर आहे का हे वाकून बघत आणि मगच चष्मा नाकावर चढवून कामाला लागत. तीस वर्षांत त्यांनी हे एकदाही चुकवलं नाही.

त्या हॉलमधून रोज सकाळी टपाल वाटायला निघणाऱ्यांत एक बाई होती. पायाला भिंगरी लावल्यासारखी चालायची, म्हणून तिचं नाव भिंगरीताई पडलं. तिचे वडील याच हॉलमधून फेरीला जात. ते गेल्यावर ती कामाला लागली. पिशवीचा पट्टा आखूड कसा बांधायचा, भार खांद्यावर न घेता कमरेवर कसा टेकवायचा, हे तिला काटेमास्तरांनी शिकवलं. ती त्यांना काका म्हणायची.

मग दिवस पालटले. पत्रं आटली आणि पार्सलं वाढली. पूर्वी पिशवीत लग्नपत्रिका असत, आता बूट, मिक्सर आणि मांजराच्या खाण्याची पाकिटं येऊ लागली. कुणी निवृत्त झालं की त्याची खुर्ची रिकामीच राही. 'जागा गोठवली' असा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बावीस फेऱ्यांच्या चौदा झाल्या. शहरातली एक गल्ली कमी झाली नव्हती की एक जिना कमी झाला नव्हता. प्रत्येकाच्या हातात एक यंत्र देण्यात आलं. माणूस तीन मिनिटांपेक्षा जास्त एका जागी थांबला की ते टुकटुक करी. जेवायची सुट्टी अर्ध्यावर आली. दोन संडासांपैकी बायकांच्या संडासात पार्सलं रचली गेली. बायकांना शेजारच्या बँकेत जाऊन, "जरा जाऊ का हो?" असं विचारावं लागे. उन्हाळ्यात पत्रा तापला की माझी बैठकसुद्धा हाताला चटका देई. मग माणसांचं काय होत असेल?

हॉलच्या भिंतीवर एक जुना नियम चौकटीत लावलेला होता: कोणाच्याही पिशवीत सोळा किलोंहून अधिक भार देऊ नये. सगळ्यांनी मिळून निवेदन लिहिलं. त्यात संडास होता, पंखे होते, गोठवलेल्या जागा होत्या, पण मुख्य मागणी एकच होती. आठवडाभर प्रत्येक पिशवी सर्वांसमोर काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. पहिली सही भिंगरीताईची होती.

आमचे साहेब तेव्हा नवीन होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या टेबलावर वरून आलेला हुकूम होता: आणखी दोन फेऱ्या कमी करा. निवेदन वाचून ते म्हणाले, "ठीक आहे. एकदाचा सोक्षमोक्ष लावू. सोमवारपासून वजनं घ्या."

शनिवारी दुपारी हॉल जेवायला गेला होता, तेव्हा साहेब एकटेच मागे आले.

"मास्तर, निवृत्तीला किती वर्षं राहिली?"

"दोन, साहेब."

"कमी करायच्या जागांची यादी आलीय. तुमची जागा तिच्यात आहे. डिजिटल काटा आल्यावर काटेमास्तर कशाला, असं वरचे विचारतात."

काटेमास्तरांच्या पत्नीला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. नोकरीबरोबर कचेरीच्या दवाखान्याचं कार्डही जाणार होतं. साहेबांना हे ठाऊक होतं.

"तुमची जागा मी वाचवू शकतो," साहेब म्हणाले. "मला पुढचा आठवडा शांततेत जायला हवा, बस." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते निघून गेले.

काटेमास्तर उठले, पक्कड आणली आणि निरीक्षकाने ठोकलेलं शिसं तोडलं. स्क्रू फिरवताना पेचकस दोनदा निसटला. पाच किलोंचं वजन माझ्यावर ठेवलं, मी चार दाखवले. सीलच्या जागी त्यांनी काळी लाख चिकटवली. रिकामा असताना माझी सुई अजूनही बरोबर शून्यावरच उभी राही. खोटेपणा होता तो भाराबरोबर वाढत जाणारा. ज्याचं ओझं मोठं, त्याची फसवणूक मोठी.

सोमवारी सगळे रांगेत उभे राहिले. साहेबांनी माझ्या तबकडीवर थाप मारली आणि मोठ्याने म्हणाले, "हा काटा पन्नास वर्षं खरं बोलत आलाय. माझं नका ऐकू, याचं तरी ऐकाल ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मित्रांनो, मला त्या क्षणी अभिमान वाटला. स्क्रू फिरवला तो माणसाच्या हाताने, लोखंडाचा त्यात काय दोष, अशी समजूत मी पुढे अनेकदा घालून पाहिली. पण आत काय बिघडलंय हे माहीत असूनही ती शाबासकी मला गोड लागली, याला काही उत्तर नाही. माझी लाज तिथे आहे.

भिंगरीताईची पिशवी चढली. सुई पंधरावर थांबली.

"पंधरा?" ती म्हणाली. "काका, पुन्हा बघा बरं."

काटेमास्तरांनी पिशवी उतरवून पुन्हा ठेवली. पुन्हा पंधरा.

"अहो, ही अठराच्या खाली असूच शकत नाही. मग काय माझा खांदा खोटं बोलतोय?"

काटेमास्तरांनी वहीतून डोळे वर केले नाहीत. "काटा खोटं बोलत नाही, पोरी," ते म्हणाले.

मागून कुणीतरी हसलं. "भिंगरीताई, भिंगरीला तेल घाला आता!" हसणाऱ्याची स्वतःची पिशवीही काही हलकी नव्हती, पण आकडा चौदाचा निघाल्यावर त्यालाही उगाचच ताठ चालावंसं वाटलं. आठवडाभर हेच चाललं. माणसं पिशवी उचलताना कण्हत, मग माझ्याकडे बघत आणि कण्हणं गिळून टाकत.

शनिवारी भिंगरीताई साहेबांच्या खोलीत गेली आणि निवेदनावरचं आपलं नाव खोडून आली. बाहेर आल्यावर माझ्या बैठकीवर पाय टेकवून ती बुटाची नाडी बांधत होती. काटेमास्तरांना म्हणाली, "बाबा हेच ओझं साठीपर्यंत वाहत होते हो. मीच लेचीपेची निघाले. सगळ्यांना उगाच कामाला लावलं." तिचा चेहरा शरमेने लाल झाला होता. शरम आम्हा दोघांची होती, मास्तरांची आणि माझी, आणि ती वाहून नेत होती तिसरीच.

अहवाल गेला. भार नियमात आहे, फेऱ्या आणखी कमी करता येतील, असं त्यात लिहिलं होतं. दोन फेऱ्या गेल्या. भिंगरीताईच्या फेरीत लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतींची एक अख्खी रांग आली.

सात आठवड्यांनी ती तिसऱ्या मजल्यावरून उतरताना पडली. गळपट्टीचं हाड मोडलं, खांद्याचा स्नायू फाटला. कचेरीने कागदावर लिहिलं की पिशवी नियमात होती, सबब अपघात स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला. असं लिहिलं की दुखापतीची रजा नाही आणि कचेरीकडून उपचारही नाहीत.

चौकशीला एक अधिकारी आले. चांगले जाडजूड, हसतमुख गृहस्थ होते. हॉलमध्ये माझ्या शेजारीच टेबल मांडलं. भिंगरीताई हात झोळीत अडकवून आली होती, सोबत तिचा नवरा होता. तो शिंपी. पत्नीच्या सदऱ्याची बाही त्याने कापून, बंद लावून दिली होती.

"पिशवी जड होती का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही साहेब. काट्यावर पंधराच भरली होती. माझाच पाय घसरला."

नवरा न राहवून म्हणाला, "अगं, खरं सांग ना! रोज घरी आल्यावर हात वर होत नव्हता तुझा."

"गप्प बसा हो," ती त्याच्यावर खेकसली. "काटा काय खोटं बोलेल?"

तेव्हा काटेमास्तर खुर्चीतून उठले.

"साहेब, आपलं वजन किती?"

अधिकारी चकित झाले. "ऐंशी. परवाच डॉक्टरांनी बघितलंय. का हो?"

"जरा काट्यावर उभे राहता?"

अधिकारी हसत हसत माझ्यावर चढले. मी चौसष्ट दाखवले.

"वा साहेब!" कुणीतरी ओरडलं. "रोज या आमच्याकडे, महिन्याभरात सडपातळ व्हाल!" हॉल हसला. पण ते हसू फार टिकलं नाही. एकेकाच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. भिंगरीताई चांगल्या हाताच्या बोटांवर मोजत होती.

"म्हणजे माझी पंधराची..."

"पावणेएकोणीस," काटेमास्तर म्हणाले. "स्क्रू मी फिरवलाय. याच हाताने."

आमचे साहेब घाईघाईने पुढे झाले. "मास्तरांची तब्येत बरी नाही हल्ली."

"तब्येत आमच्या हिची बरी नाही," काटेमास्तर म्हणाले. "माझी ठणठणीत आहे. तोंड तेवढं काळं झालंय." आणि त्यांनी शनिवारची दुपार जशी घडली तशी सांगितली, आपला भाग कमी न करता.

भिंगरीताई ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "काका, मी तुम्हाला विचारलं होतं."

पुढे काय झालं तेही सांगतो. भिंगरीताईला रजा आणि उपचार मिळाले. गेलेल्या दोन फेऱ्यांपैकी एक परत आली, दुसरी काही आली नाही. साहेबांची बदली झाली, याहून मोठ्या कचेरीत. काटेमास्तरांना दोन वर्षं आधीच घरी बसवलं. त्यांच्या पत्नीला दवाखान्यात न्यायला हॉलमधल्या माणसांनी पाळ्या लावून घेतल्या. त्या यादीत भिंगरीताईचं नाव नव्हतं, आणि कुणी तिला विचारलंही नाही. चौकशीच्या शेवटच्या कागदावर मात्र मास्तर नव्हते की साहेब नव्हते. तिथे लिहिलं होतं: जुन्या वजनकाट्यातील यांत्रिक दोष.

मला अडगळीच्या खोलीत हलवलं आणि तबकडीला 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी बांधली. धूळ बसते, त्याचं मला दुःख नाही. ती चिठ्ठी डाचते. एका खोट्यावर दुसरं खोटं लटकवलंय आणि तेही मीच मिरवतोय.

अडगळीच्या खोलीला जाळीचं दार आहे. त्यातून हॉल दिसतो. माझ्या जागी आता नवा डिजिटल काटा आहे. भिंगरीताईचा हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे तिला फेरी झेपत नाही. काट्याशेजारच्या खुर्चीवर आता ती बसते. प्रत्येक पिशवी काट्यावर ठेवण्याआधी ती डाव्या हाताने उचलते आणि नेणाऱ्याला विचारते, "तुला कशी वाटते?"

परवा एक नवा माणूस वैतागून म्हणाला, "ताई, आकडा दिसतोय की समोर!"

"आकडा बघूच," ती म्हणाली. "आधी तू सांग."

मित्रांनो, मी आता कुणाचं वजन करणार नाही, आणि माझ्यावर कुणी विश्वास ठेवावा असं मागायचा मला हक्क उरलेला नाही. तरी एक मागतो. घरात, शाळेत, कुठेही, कुणी 'मला जड होतंय' म्हणालं तर चटकन काट्याकडे बघू नका. आधी त्याचं ओझं स्वतःच्या हातात घेऊन बघा. आणि तुमच्या इमारतीखाली टपाल घेऊन आलेल्या माणसाने घंटी वाजवली, तर वरून 'या' म्हणू नका. दोन जिने तुम्ही खाली जा.