डाव्या बाजूचं माप

माझ्या धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नाची गडबड निवते न निवते तोच थोरल्या जाऊबाईंच्या हाताला, आंघोळ करताना, डाव्या छातीत गाठ लागली. वाटाण्याएवढी.

आम्हा दोघी जावांचं शिवणकामाचं दुकान होतं, घराच्या पुढच्या खोलीतच. त्या कापायच्या, मी शिवायची. गिऱ्हाइकं पाठीमागे त्यांना कात्रीबाई म्हणत, कारण त्यांची कात्री आणि जीभ सारखीच चाले. त्यांचा एक नियम होता. कुणाचाही ब्लाउज असो, शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवायचं. बाईचं अंग आज एक, उद्या एक. उसवून सैल करता आला पाहिजे. मी चुकून ते कापलं तर दिवसभर बोलणी खावी लागत.

तपासण्यांना मी त्यांच्याबरोबर होते. डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलींएवढ्या. त्या म्हणाल्या, "कॅन्सर आहे, पण अगदी सुरुवातीचा. वेळेवर आलात. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करू." पुढेही त्या बरंच बोलल्या. जाऊबाई मान हलवत होत्या. त्या पहिल्या शब्दानंतर त्यांच्या कानात काहीच शिरलं नव्हतं, हे मला मागाहून कळलं. माझ्या तरी कुठे शिरलं होतं!

घरी भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, विचारलं, "काय म्हणाली डॉक्टर?"

"काही नाही. बारीकशी गाठ आहे, काढून टाकतील."

"मग ठीक. मला वाटलं, जिभेचं ऑपरेशन सांगितलं की काय."

"तुमच्या कानांचं सांगितलंय."

दोघं हसले. मग भाऊजी अंगणात जाऊन सायकल पुसायला लागले. ती त्यांनी सकाळीच पुसली होती.

आठवडाभर घरात कुणी तो शब्द काढला नाही. मी एकदा भीत भीत विचारलं, "ताई, भीती वाटते का हो?"

"भ्यायला वेळ कुठंय? शाळेचे गणवेश पडलेत," त्या म्हणाल्या आणि कापडावर खडूने रेघ ओढली. रेघ वाकडी गेली. त्यांनी ती पुसली, पुन्हा ओढली.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दुपारी मी बटणं आणायला बाजारात गेले होते. परत आले तर दुकानाचं दार आतून लावलेलं.

"कोण? तूच ना? ये."

जाऊबाई मोठ्या आरशासमोर उभ्या होत्या. डावी बाजू टॉवेलने आवळून सपाट बांधलेली, हातात टेप. टेबलावर त्यांचे स्वतःचे सगळे ब्लाउज. लग्नात मी घेऊन दिलेला निळाही. सगळे उसवून, डावीकडचे टक्स काढून, छातीला सपाट करून पुन्हा शिवलेले. वर नीट घड्या घातलेल्या.

"ताई, हे काय?"

"नंतर हात वर होत नाही म्हणतात. मग कोण शिवणार? तू? तुझी बाही अजून खांद्यावर रडते."

मी एक ब्लाउज उचलून उलटा केला. शिवणीला लागून कातरलं होतं.

"आत कापड ठेवलं नाहीत?"

"कशाला ठेवू?"

बाळंतिणीला, म्हातारीला, उधारी बुडवून गेलेलीलासुद्धा त्यांनी पुढच्यासाठी आत कापड ठेवलं होतं. मी खाली पडलेल्या चिंध्या गोळा करत बसले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाई आल्या, पेन काढलं आणि जाऊबाईंच्या छातीवर लहानसा गोल काढला. "एवढीच जागा. गाठ आणि तिच्या भोवतीचं थोडं. बाकी सगळं राहील."

"राहील म्हणजे?"

"म्हणजे छाती राहील. त्या दिवशी सांगितलं होतं ना मी?"

मला वाटलं, आता त्यांचा जीव भांड्यात पडेल. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, माझा धंदा शिवणाचा. गिऱ्हाईक घाबरलं की मीही म्हणते, जरासं आत घेऊ, कळणारही नाही. आणि मग अख्खं उसवते. मला खरं काय ते सांगा."

"खरंच सांगतेय."

"मग सगळंच काढा. थोडं काढून वरून शिवलंत आणि आत राहिलं तर?" त्या पायाने पलंगाखाली चपला शोधायला लागल्या. "जमत नसेल तर मी निघाले. धाकटे, पिशवी घे."

मी पिशवी उचललीही. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. "काढलेल्या तुकड्याच्या कडा आम्ही तपासतो. कडेला काही दिसलं तर पुन्हा काढू. नंतर किरणांचे शेकही द्यायचेत."

"म्हणजे राहू शकतं."

"बहुतेक राहत नाही. पण शपथ घेऊन नाही सांगता येत. सगळं काढलं तरी नाही सांगता येत. आणि घरी गेलात तर ते वाढणार, हे मात्र नक्की."

डॉक्टरीणबाई गेल्या. जाऊबाई एका पायात चप्पल घालून उभ्याच.

"धाकटे, तू सांग. ठेवू हिच्यावर विश्वास?"

"मला काय कळतंय ताई? मला नुसती भीती वाटते. तुम्ही नसलात तर मी कुणाची बोलणी खाऊ?"

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "मलाही वाटते गं. त्या दिवसापासून वाकडंच कापलं जातं, ते तुला दिसू नये म्हणून पाठवते बटणं आणायला. यांना सांगू नकोस."

"ऐकलं मी," दारातून भाऊजी म्हणाले. हातात चहाचा थर्मास होता. "मला काय वाटत नाही होय?"

थर्मासच्या झाकणातून आम्ही तिघांनी आळीपाळीने चहा घेतला. कुणी कुणाला धीर दिला नाही. थोड्या वेळाने जाऊबाईंनी ती एक चप्पल काढून ठेवली.

सकाळी दवाखान्याचा गाऊन चढवताना त्या म्हणाल्या, "कुणी शिवलाय हा? मागून उघडाच ठेवलाय मेल्याने!" त्यांचे दात वाजत होते. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की ऑपरेशनच्या खोलीपाशी नर्सला तो सोडवून घ्यावा लागला.

गाठ निघाली, कडा स्वच्छ आल्या. शेक झाले. पुढे दर वर्षी तपासणीच्या दिवसांत रिपोर्ट हाती पडेपर्यंत त्या वाकडं कापायच्या आणि मी वाकडं शिवायची. ते कधी सुधारलं नाही.

भाऊजी आधी गेले, झोपेतच. थोरल्या जाऊबाई माझ्या त्या धाकट्या मुलीचा मुलगा कॉलेजात गेला त्या वर्षी, थंडीत, न्यूमोनियाने वारल्या.