दादासोंच्या नावाने दिलेला दंड

मित्रांनो, मी लासुर्ण्यातल्या एका छोट्या दवाखान्यातले रक्तदाब मोजण्याचे जुने यंत्र आहे. करड्या रंगाची पत्र्याची पेटी, काचेच्या नळीतला पारा, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि दाबायचा रबरी फुगा, एवढाच माझा देह. कारखान्यात मला घडवले, तपासले आणि थेट इकडे पाठवले. चिंतामण डॉक्टरांनी सव्वीस वर्षे माझ्याकडून काम घेतले. "हे कुणाची भीड धरत नाही," असे ते कौतुकाने म्हणत. मग ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी अश्लेषा मॅडम आल्या आणि सोबत बटण दाबताच आपोआप फुगणारे नवे यंत्र आले. माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे मला एका पालीची सोबत होती.

बारामतीला दहा किलोमीटर धावण्याची स्पर्धा होती. अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला हवा होता. त्यासाठी एके सकाळी एक सडपातळ, काटक माणूस आत आला. मॅडमनी नाव विचारले, तेव्हा त्याने जरा आठवून "दादासो" असे सांगितले. मॅडम गावात नव्या, त्यांना काय कळणार? मला मात्र कळले. दादासोंच्या दंडाभोवती माझ्या पट्ट्याची दोन टोके जेमतेम भेटत असत. हा तर त्यांना दवाखान्यात सोडायला येणारा, शेजारच्या मळ्यातला जोतीराम होता. पण यंत्राला विचारतो कोण?

नव्या यंत्राने वरचा आकडा १९८ दाखवला. एवढ्या काटक माणसाचा एवढा दाब मॅडमना खरा वाटेना. यंत्रच बिघडले असेल म्हणून त्यांनी मला खाली काढले, धूळ पुसली आणि जोतीरामला पाच मिनिटे शांत बसवून पट्टा बांधला. कितीतरी दिवसांनी मला माणसाच्या दंडाची ऊब मिळाली. मी पारा चढवला आणि सावकाश उतरवला. १९६. खालचा ११२. खोटे बोलायची माझी सोय नाही.

धावणे सोडाच, आजपासून गोळी घ्यावी लागेल आणि असे पळाला असतात तर जिवावर बेतले असते, असे मॅडमनी समजावून सांगितले. जोतीरामचा चेहरा उतरला.

"आता दादासोंना कसं सांगू वो?" तो म्हणाला. "लई वाईट वाटंल त्यास्नी."

मॅडम गोंधळल्या. मग हळूहळू सगळे बाहेर आले. चोपन्न वर्षांचे दादासो दूध डेअरीवर सगळ्यांदेखत धावण्याचे बोलून बसले होते. नवे बूटही आणले होते. पण जिना चढताना त्यांना दम लागायचा आणि डॉक्टर नको म्हणतील अशी धास्ती होती. म्हणून त्यांनी कधीही आजारी न पडलेल्या जोतीरामला आपल्या नावाने धाडले होते.

"हात कुणाचा होता?" मॅडमनी विचारले.

"माजा."

"मग प्रेशर कुणाचं?"

जोतीरामने कागदावर बोट ठेवले. "नाव तर त्यांचं हाय."

मॅडमनी कागदावरचे नाव खोडून त्याचे लिहिले, तेव्हा तो वडिलांचे सांगू लागला. तेही असेच काटक होते आणि पन्नाशीच्या आत उसाला पाणी देताना कोसळले होते. हे ऐकले आणि मला माझ्याच खरेपणाचा राग आला.

फोन केल्यावर दादासो नव्या बुटांतच आले. जोतीरामच्या हातातली गोळ्यांची पुडी पाहून ते मटकन बाकावर बसले. "माज्या भित्रेपणापायी तुजं दुखणं घावलं बग," एवढेच बोलले आणि त्यांनी स्वतःहून बाही वर केली. पाच मिनिटे गप्प बसणे हीच त्यांची खरी परीक्षा होती. मॅडमनी मोठा पट्टा लावला. आकडा १३८ आला. तरी दम लागतो म्हणून त्यांनी बारामतीला हृदयाची तपासणी करायला लावली. हृदय ठीक निघाले. दम वाढलेल्या वजनाचा आणि बसून राहण्याचा होता. दहा किलोमीटर यंदा नाही, आधी रोज थोडे चाला, छातीत दाटले तर लगेच थांबा, असे मॅडमनी बजावले.

दोन महिन्यांत गोळ्यांनी आणि लोणचे सोडल्याने जोतीरामचा आकडा १३४ वर आला. मग त्यालाही चालायची परवानगी मिळाली. आता दोघे रोज सकाळी कालव्याच्या कडेने चालतात. जोतीरामला दम लागला असेल असे म्हणत दादासो प्रत्येक पुलावर बसतात. जोतीरामही मान डोलावून शेजारी बसतो.

मित्रांनो, तुमच्या घरातले कुणी उद्यापासून पळायला निघाले, तर त्यांना आधी दवाखान्यात घेऊन जा. माणूस जाड आहे की बारीक, यावर जाऊ नका. आत काय चालले आहे ते वरून दिसत नाही. आणि बूट हवे तर शेजाऱ्याचे घाला, पण दंड स्वतःचाच द्या.