राघोचे दोन रिपोर्ट

कडोदऱ्याच्या एका कारखान्यात बसच्या बॉड्या रंगवतात. तिथल्या अकरा स्प्रे-पेंटरांची लघवी तपासायचं काम आमच्या लॅबकडे आलं आणि नमुने घ्यायला मला पाठवलं. बस घेणाऱ्या परदेशी कंपनीची तशी अट होती. रंग कडक वाळावा म्हणून त्यात घातलेलं हार्डनर फवाऱ्याबरोबर श्वासातून आत जातं आणि काही तासांत लघवीतून बाहेर पडतं. म्हणून नमुना पाळी सुटतानाच घ्यायचा असतो.

पाळी सुटली. एकेक जण डबी घेऊन संडासात जाई आणि भरून माझ्या हातात देई. दहा डब्या कोमट लागल्या. अकरावी गार होती.

ती राघोची. अमळनेरकडचा, पन्नाशीचा, वीस वर्षं गन धरलेला माणूस. तोंडाला रुमाल आणि रुमालाआड खोकला. हा नमुना त्याचा नाही हे मला कळलं, आणि मला कळलंय हे त्याला.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "ज्याचा रिपोर्ट खराब येईल त्याला घरी बसवणार म्हणतात. पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे."

मी दुसरी डबी पुढे करायला हवी होती. नियमच आहे तसा. मी गपचूप त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. एका माणसाची भाकरी वाचवली, असं तेव्हा वाटलं.

रिपोर्ट आले. सात जणांचं प्रमाण मर्यादेच्या वर निघालं. पण घरी कुणालाच बसवलं नाही. परदेशी कंपनीला दाखवायचं होतं, म्हणून त्या सातांना गाळणीचे मास्क मिळाले आणि त्यातल्या तिघांना फिटिंगला हलवलं. राघोच्या रिपोर्टवर 'आढळले नाही' असं होतं. सुपरवायझर त्याला म्हणाला, "तुला काही होत नाही ना? मग त्या तिघांच्या गाड्या तूच मार."

सहा महिने त्याने त्या मारल्या. रुमाल बांधूनच. एका दुपारी गन हातात असतानाच तो खाली बसला. डॉक्टरांनी दमा सांगितला आणि पुन्हा रंगाजवळ जायचं नाही म्हणून बजावलं. त्याने भरपाईचा अर्ज केला. कारखान्याने उत्तरासोबत त्याचाच रिपोर्ट जोडला.

मग तो बायकोला, प्रमिलाबाईंना घेऊन लॅबमध्ये आला.

"ताई, ते मन्हं नव्हतं," तो म्हणाला. एवढं बोलतानाही मध्ये थांबला.

प्रमिलाबाईंनी मान खाली घातली. "माझं होतं. मीच औषधाच्या बाटलीत भरून दिलं."

"आता पुन्हा तपासा," राघो म्हणाला. "आता खरं देतो."

काम सुटून त्याला अडीच महिने झाले होते. मी समजावलं, ते रसायन अंगात राहत नाही, दोन-चार दिवसांत निघून जातं.

"निघून गेलं तर मग यांना श्वास का लागतो?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"रसायन गेलं. त्याने छातीचं जे केलं ते राहिलं."

राघोला ते पटलं नाही. त्याने हट्टाने नमुना दिला. या वेळी त्याचा स्वतःचा.

चौथ्या दिवशी प्रमिलाबाई एकट्याच रिपोर्ट न्यायला आल्या. मी वाचून दाखवला. 'आढळले नाही.'

त्या जाईनात. "हे म्हणतात, त्या दिवशी ताईंना सगळं कळलं होतं. तुम्ही तेवढं लिहून द्या ना."

असं लिहून देऊ का, हे मी आदल्या दिवशीच सुरेशभाईंना विचारलं होतं. लॅब त्यांची. ते म्हणाले होते, "दे की लिहून. खोटा नमुना जाणूनबुजून घेतला हेही लिही, आणि खाली सही कर."

"बाई, मला तसं काही आठवत नाही," मी म्हणाले.

प्रमिलाबाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "बरं," एवढंच म्हणाल्या, चपला घातल्या आणि रिक्षा शोधायला रस्त्याकडे गेल्या.